खालच्या मजल्यावरची उपकारस्तुती

प्रिय बडबडे,

तू खाली, मी वर. मधे सोळा पायऱ्या आणि एक छत. तरी पत्र लिहायला बसलेय. उद्या सकाळी कामावर जाताना ते तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवीन. समोर आले तर मी नेहमीसारखी घुमी होईन, तू हातातलं भांडं पुन्हा पुन्हा पुसशील, आणि 'बरंय ना सगळं' म्हणून दोघी मोकळ्या होऊ. अकरा महिने तेच चाललंय. रविवारच्या शाळेत बाईंनी आपल्याला ही नावं ठेवून एका बाकावर बसवलं, तेव्हा त्यांना वाटलं असेल, एकीचा गुण दुसरीला लागेल. लागला कुठे? तू बोलायचीस, मी ऐकायचे, आणि तुझ्या बोलण्यातच माझंही सांगून व्हायचं. आता तूच गप्प झालीस, म्हणून मला लिहावं लागतंय. अक्षर समजून घे.

आधी इकडचं सांगते. सासूबाई बऱ्या आहेत. गुडघे दुखतात, पण त्यांची तक्रार गुडघ्यांबद्दल नसते, जिना बांधणाऱ्याबद्दल असते. दाताच्या दवाखान्यात माझं तेच चाललंय, अवजारं उकळायची, पुसायची, ट्रेमध्ये ओळीने मांडायची. बर्फाच्या कारखान्यातून घरी आला की आमचा ऑपरेटर म्हणायचा, बायकोला नोकरी अगदी मापाची मिळाली, समोरचा माणूस आ करून बसलेला, म्हणजे त्याला बोलता येत नाही आणि हिला बोलायचं नसतं. या वाक्यावर तू इतकी हसली होतीस की तुला ठसका लागला होता. तुझ्या फिटरने पाठीत असा धपाटा घातला की पुढे दोन दिवस तू पाठ चोळत होतीस.

आमच्या घरची रीत तुला ठाऊकच आहे. संध्याकाळी जेवायला बसलं की सासूबाई एकेकाला विचारणार, आज देवाचे आभार कशाबद्दल. प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, मग आमेन, मग वाढायचं. आमचा ऑपरेटर त्यातही थट्टा करायचा. कंप्रेसर आज खोकला नाही त्याबद्दल. फिटरने आज स्वतःचा डबा आणला आणि माझा वाचला त्याबद्दल. सासूबाई डोळे मिटूनच त्याला दटावायच्या, देवापुढे तरी नीट बोल. तो म्हणायचा, आई, देवाला हसायला येत नाही असं तुला कोणी सांगितलं? मला वाटतं, त्याच्याइतका मनापासून आभार मानणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी आपली 'दिवस बरा गेला' म्हणून सुटायचे.

त्याला मातीत ठेवून आलो त्या संध्याकाळी पाहुणे गेले, आणि सासूबाई ताटावर बसल्या. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, देवबापा, हा मुलगा तू मला एकेचाळीस वर्षं दिलास, तुझी स्तुती असो. आवाज कापला नाही. मला त्यांचा असा राग आला की ताट समोरून लोटावं वाटलं. मग त्यांनी मला विचारलं, तुझं काय, बाळ? मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, बरं. आमेन. तेव्हापासून रोज हेच. त्या रोज विचारतात, मी रोज 'काही नाही' म्हणते. त्यांनी कधी विचारायचं सोडलं नाही, आणि कधी उपदेशही केला नाही. मधे एकदा मीच चिडून म्हटलं, तुम्हाला जमतं तरी कसं? तर म्हणाल्या, जमत नाही गं, पण गप्प बसले तर तो होता हेच खोटं पडेल असं वाटतं.

तो दिवस तुझ्याही डोळ्यांपुढे असेल. मंगळवार, सकाळचे साडेदहा. मला दवाखान्यात फोन आला आणि तू घरून रिक्षा घेऊन आलीस. रिक्षात तू एकसारखी बोलत होतीस, मी एकही शब्द ऐकला नाही. बर्फाच्या कारखान्यात पाइपाचा सांधा फुटलाय, अमोनिया सुटलाय, एवढंच आपल्याला माहीत होतं. बाकीचं नंतर कळलं. पलीकडच्या खोलीत नऊ माणसं लाद्या फोडत होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. म्हणून आमचा ऑपरेटर बाहेर न पळता वाल्व्ह बंद करायला आत गेला, आणि तुझा फिटर त्याच्या मागोमाग. नऊच्या नऊ माणसं चालत बाहेर आली. या दोघांना उचलून आणावं लागलं. हॉस्पिटलच्या दारात नर्सने सांगितलं, एक आहे, एक गेला. दोघांच्या अंगावर कारखान्याचेच कपडे, ते कापून काढताना ओळखपत्रं कुठे गेली कोणास ठाऊक. कोणता कोण हे तिला सांगता येईना. ओळखायला या, म्हणाली. त्या बोळातून आपण दोघी हातात हात घालून चालत गेलो. तिथलं मला एवढ्यात लिहवणार नाही. थोडं पुढे गेल्यावर लिहिते.

महिनाभराने तुझा फिटर घरी आला आणि पुढच्या रविवारी, तो वाचला म्हणून देवाचे आभार मानायला, प्रार्थनामंदिरात तुमची उपकारस्तुती झाली. तुझ्या वडिलांनी आधी वर येऊन मला विचारलं होतं, तुला चालेल ना. मी म्हटलं, का नाही चालणार, मी येईन. सासूबाईंनी स्वतः इस्त्री करून साडी नेसली. आम्ही चौथ्या बाकावर बसलो. गाणी झाली, मग देवाने काय केलं त्याची साक्ष द्यायला तू पुढे उभी राहिलीस. तू म्हणालीस, त्या हॉस्पिटलच्या बोळात मी प्रभूजवळ जे मागितलं ते त्याने ऐकलं. आणि मी उठले. बाक इतका वाजला की पेटीवाल्यानेही मान वळवली. मी सरळ बाहेर गेले, फाटकापाशी उभी राहिले, आणि आत तुझं बोलणं तुटलं ते मला तिथून कळलं. नंतर लोक येऊन पाठीवरून हात फिरवत होते. बिचारी, सहन झालं नाही, साहजिक आहे. तुलाही तेच वाटलं असणार, की तुझं सुख मला बघवलं नाही.

तेव्हापासून तू काय काय केलंस ते मी वरून पाहत आलेय. तू गायनमंडळ सोडलंस. फिटरचे शर्ट तू गॅलरीत वाळत घालायचं बंद केलंस. आधी मला वाटलं, दोरी तुटली असेल. मग एकदा तुझं दार उघडं होतं तेव्हा दिसलं, आतल्या खोलीत, पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठींवर त्याचे ओले कपडे पसरलेले. मला पुरुषाचे कपडे दिसू नयेत म्हणून तू भर उन्हाळ्यात घर दमट करून बसली होतीस. जिन्यात तो भेटला की मागे सरून भिंतीला चिकटायचा, जणू मला वाट द्यायला अर्धा जिना पुरत नव्हता. तो रविवारीही येईनासा झाला. पाळकसाहेब घरी येऊन गेले, तरी आला नाही. मंडळी म्हणाली, वाचल्यावर देवाला विसरला.

तो विसरलेला नाही. मागच्या महिन्यात आमचा नळ गळत होता, सासूबाईंनी त्याला हाक मारली. मोरीपाशी उकिडवा बसून, पाना हातात धरून, माझ्याकडे न बघता तो बोलला. म्हणाला, त्याने मला दाराजवळच्या कपाटातून मास्क आणायला पाठवलं. मी मास्क घेतला, वळलो, पण डोळे उघडेनात. तो आतून हाक मारत होता की खोकत होता, ते मला अजून कळलेलं नाही. मी दोन पावलं आत गेलो आणि मागे फिरलो, वहिनी. दारात पडलो म्हणून लोकांच्या हाती लागलो. मग म्हणाला, हे मी घरी सांगितलेलं नाही. उपकारस्तुतीत सगळे माझ्या नावाने देवाचे आभार मानत होते, आणि मी मान खाली घालून मनात म्हणत होतो की मी पळालो. मी त्याला विचारलं, हे मी तुझ्या बायकोला सांगू का. त्याने नळ आणखी घट्ट पिळला. मग म्हणाला, सांगा, माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून सांगतेय. त्याला पळपुटा म्हणू नकोस, आणि तो नाहीच असंही घाईने म्हणू नकोस. नुसती त्याच्याजवळ बस. त्या खोलीत परत दोन पावलं टाकणारा तो एकटाच होता, बाकीचे रस्त्यापलीकडे उभे होते. हे मी त्याला सांगितलं. त्याला ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.

आणि आता तुझ्या धाकटीची गोष्ट. गेल्या बुधवारी तू थोरलीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होतीस आणि धाकटीला आमच्याकडे ठेवलं होतंस. यायला उशीर होणार म्हणून तिला आमच्याबरोबर जेवायला बसवलं. सासूबाईंनी तिलाही विचारलं, आज देवाचे आभार कशाबद्दल? तर पोरगी उठली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि कुजबुजली. त्या म्हणाल्या, मोठ्याने म्हण की, देवाला काय लाजायचं. त्यावर ती म्हणाली, आमच्याकडे मनातल्या मनात म्हणतात, मोठ्याने म्हटलं की वरच्या मावशीला ऐकू जातं. मग ती माझ्याकडे बघून घाबरली, कारण वरची मावशी समोरच बसली होती. मी तिला म्हटलं, खा बाळ. सात वर्षांची मुलगी, बडबडे. माझ्या घराखाली राहून ती देवाशी कुजबुजत बोलायला शिकली.

म्हणून आता तो बोळ लिहिते. नर्स पुढे, आपण मागे. तीसेक पावलं असतील. तू तोपर्यंत बोलायची थांबली होतीस. तुझा हात गार पडला होता आणि मी तो घट्ट धरला होता. त्या तीस पावलांत मी एकच प्रार्थना केली. जिवंत असलेला माझा असू दे. ते मागताना मी भोळी नव्हते. एक आहे, एक गेला, एवढा हिशोब मला येत होता. ज्या मैत्रिणीचा हात धरला होता तिचाच नवरा गेलेला असू दे, असं मी देवाला सांगत होते, आणि मनात जराही डगमगले नाही. मग पडदा सरकवला आणि तुझा तुला दिसला. तुझ्या तोंडून जो आवाज निघाला तो आनंदाचा होता, आणि पुढच्या क्षणी तू माझ्याकडे पाहून तो गिळलास. साक्षीत तू 'मी मागितलं ते त्याने ऐकलं' म्हणालीस तेव्हा मला तुझं सुख टोचलं नाही गं. मला माझीच प्रार्थना तुझ्या तोंडून ऐकू आली. माझी ऐकली गेली असती तर त्याच जागी मी उभी राहिले असते, हेच शब्द बोलले असते, आणि चौथ्या बाकावर तू असतीस. तू उठून गेली नसतीस, एवढाच आपल्यात फरक. तूही तेव्हा तेच मागितलं असशील. अकरा महिने तू मला तोंड चुकवतेयस ते त्याचसाठी असेल, तर ऐक, आपली फिट्टंफाट झाली. देवाने एकीचं ऐकलं आणि दुसरीचं टाकलं, असं मला वाटत नाही. मग काय वाटतं, तेही सांगता येत नाही. पाळकसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, मलाही माहीत नाही. निदान खरं बोलले.

हे सगळं आजच का लिहितेय, ते सांगते. परवा सासूबाईंना जिन्यात घरमालकीण भेटली, तिच्याकडून कळलं की तुम्ही महिनाअखेर घर सोडताय. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथून ना आपलं प्रार्थनामंदिर जवळ, ना फिटरचा कारखाना. कारण कोणी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. माझ्यासाठी जाऊ नका. दुसरं कारण असेल तर खुशाल जा, मी सामान बांधायला येईन. काल संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, तुझं काय, आणि माझ्या तोंडून निघालं, फिटर जिवंत आहे त्याबद्दल. मनातून निघालं असं खोटं नाही लिहीत. मन अजून फाटकापाशीच उभं आहे, आणि कदाचित तिथेच राहील. पण मी ते मोठ्याने म्हटलं, आणि सासूबाईंनी आमेन म्हणायला काल जरा वेळ लावला. तेव्हा एवढं कर. तुझी साक्ष अर्धी राहिली आहे. या रविवारी त्याला घेऊन ये आणि ती पुरी कर, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मी शेवटपर्यंत बसायचा प्रयत्न करीन. जमेलच असं वचन देत नाही. मी पुन्हा उठले, तरी तू बोलायची थांबू नकोस.

तुझीच, वरच्या मजल्यावरची
घुमी