वसाहतीतला शनिवारचा बाजार

३ मार्च, शनिवार
टेम्पो आलाच नाही! दीर म्हणाले, "वहिनी, क्लच गेलाय." मग काय — पालक-गाजरांच्या दोन पिशव्या घेऊन बसने कामगार वसाहतीत गेले. गिरणीमागच्या अंगणात बायका वाट बघत उभ्या. तिथल्या दुकानात पुड्यांतला खाऊ आणि कोंब फुटलेले बटाटे, दुसरं काही मिळत नाही. म्हणून तर धडपडून हा बाजार उभा केला — शेतातून थेट त्यांच्या दारात. बघता बघता पिशव्या रिकाम्या. तिथल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पालेभाजी खायला सांगितलेली आजी हात हलवत परत गेली. फार लागलं मनाला.

१० मार्च, शनिवार
टेम्पो अजून गॅरेजात. त्यात धाकट्या जाऊचं पोट पुन्हा दुखतंय. पुन्हा मी एकटी, पुन्हा बस.

११ मार्च, रविवार
नर्सबाई रस्त्यात भेटल्या. "काल तुमचा टेम्पो पाहिला की! त्या बंगल्यांच्या नव्या कॉलनीपाशी. तुमच्या जाऊबाई टोमॅटो तोलत होत्या."
मी हसले. हसावंच लागलं.
पोटदुखी म्हणे! केसाने गळा कापला माझा. बाजाराची पहिली पाटी आम्ही दोघींनी मिळून उचलली होती. घरी येऊन तोंडावर विचारलं. तिची मान खाली — "ताई, तिकडे भाव बरा मिळतो." एवढंच! दीर तर चपला घालून बाहेरच पडले.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "माणसं ओळखायला शीक जरा. तिच्यावर विसंबू नकोस, म्हणत नव्हतो मी?" पाठीवरून हात फिरवला. एक तरी माणूस आपलं आहे.

१७ मार्च, शनिवार
स्वयंपाकघर एक, पण बोलणं बंद. ती मीठ मागते ते भिंतीकडे बघून.
वसाहतीत शिंपीणबाईंनी विचारलं, "तुमची हसरी जाऊ कुठंय?" आजारी आहे म्हटलं. घरची धुणी तिथे कशाला धुवायची! निम्म्या बायका रिकाम्या पिशव्या घेऊन परतल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

२० मार्च, मंगळवार
जाऊ बांधावर येऊन रडली. "ताई, कॉलनीतली जागा दादांनीच ठरवली. 'टेम्पो बिघडलाय म्हणा, तिला कळलं तर ती ऐकायची नाही' — दादांचेच शब्द. शपथ घातली होती आम्हाला."
दादा. म्हणजे हे!
दुपारी ह्यांना वाढलं नाही. "मी काय परका आहे का?"
परक्याला वाढलं असतं.