पेरूवरचा कुरकुरीत थर

आबा, आज पेरूचं क्रंबल केलं. तुम्हाला ते नाव कधी जमलं नाही, तुम्ही त्याला ‘चुऱ्याचा पेरू’ म्हणायचात. कॉलेजात असताना मी राजारामपुरीत बेकिंगच्या क्लासला जायला लागले आणि हट्ट करून तुम्हाला तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन घ्यायला लावला. क्लासच्या वहीत सफरचंद लिहिलं होतं, तुम्ही पिशवीभर पेरू आणलेत. बिया काढून फोडी गुळात शिजवल्या, मैदा आणि लोणी बोटांनी चोळून चुरा केला, वर पसरला. मी दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघतेय आणि तुम्ही उद्यमनगरातल्या फौंड्रीतून आलेल्या कपड्यांवरच दारातून ओरडताय, “अगं, भट्टीचं तोंड सारखं उघडत्यात व्हय? बिडाचं लोखंड असू दे न्हायतर मैदा, ताव गेला की माल गेला!” खायला बसल्यावर मात्र वरचा कुरकुरीत थर तेवढा खरवडून खाल्लात आणि खालचा पेरू माझ्याकडे सरकवलात. “ह्ये मऊ मऊ तूच खा. दातास्नी काम पायजे की.” इतकी चिडले होते मी!

दहाएक वर्षांनी तुम्हाला तो झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, घास घशात अडकायला लागला. डॉक्टरांनी बजावलं, फक्त मऊ, कुस्करलेलं द्या, कोरडा कण श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतेल. मग रोज पेज आणि वरणाचं पाणी. चमचा दिसला की तुम्ही तोंड फिरवायचात. मला काही सुचेना, म्हणून पुन्हा ओव्हन काढला. वरचा चुरा ओट्यावर बाजूला ठेवला, खालचा पेरू कुस्करून तुमच्यापुढं आणला. वासानंच ओळखलंत तुम्ही. एक घास घेतलात, डाव्या हातानं बशी ढकललीत आणि बोट स्वयंपाकघराकडं केलंत.

“न्हाई जमायचं ओ, आबा,” मी म्हणाले. बोट तसंच. किती वेळा नाही म्हणाले कुणास ठाऊक. चुरा दिला असता तर काय झालं असतं याची भीती होती, आणि नाही दिला तेव्हा तुम्ही नुसते माझ्याकडं बघत राहिलात. काय बरोबर होतं, मला अजून कळत नाही. आठ दिवसांनी तुम्ही गेलात, मऊच खाऊन.

हे पत्र कुठं टाकणार? पाकीटही आणलेलं नाही. पण एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी बशी घेऊन आत आले आणि ओट्याशी उभी राहून तो सगळा चुरा मीच खाल्ला. भूक लागली होती, आबा. कुरकुर आवाज होत होता, आणि मधलं दार उघडं होतं.