वांग्यावरचा आळ

पडेगाव, ता. ५ मे २०२५

चि. सौ. रत्नमाला सूनबाईस कारभारीमामाचे अनेक आशीर्वाद.

तू बिडकीनला माहेरी गेलीस, तवापासून घास गोड लागत नाही. फोन दोनदा हातात घेतला, पण लाजेनं तोंड उघडेना. म्हणून लिहितो.

माझं तोंड सुजलं ते तुझ्या वांग्याच्या भाजीनं नाही, कलपानं. पुतण्याच्या लग्नात तुझ्या वडिलांशेजारी बसायचं होतं. व्याह्यांचे केस काळेभोर, अन् आपण कापसाचं बोंड! पाकीट आणून गुपचूप लावला. आधी कानामागं थेंबभर लावून दोन दिवस बघा, असं त्याच्यावरच छापलंय. पण चष्मा कोण शोधतो? लग्न लागलं अन् दुसऱ्या दिवशी तोंडाचा भोपळा, डोळे मिटलेले. काय खाल्लं, असं सुदर्शननं विचारलं, तर मी वांगं म्हणालो. तो तुझ्यावर खेकसला, अन् मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. लई हलकं काम केलं मी.

काल त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी ओळखलं. कलपातल्या पीपीडी नावाच्या रसायनानं झालंय. पुन्हा लावलात तर याहून वाईट होईल, श्वासही कोंडेल, म्हणाल्या. सुदर्शन शेजारीच होता. लेकाची मान खाली, बापाची त्याहून खाली. हे पत्र तोच घेऊन येतोय.

पोरी, रागाव, पण माया तोडू नको.

तुझा,
मामा

बिडकीन, ता. ६ मे २०२५

तीर्थरूप मामांना रत्नमालाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. मामा, मला त्याच दिवशी कळलं होतं. तुमच्या उशीचा काळा झालेला अभ्रा मीच तर धुतला! ह्यांना सांगितलं असतं, पण घर पाहुण्यांनी भरलेलं, तुमचं हसं झालं असतं. तुम्ही स्वतः बोलाल म्हणून थांबले. बोलला नाहीत, तेवढंच लागलं.

आता माझं ऐका. आमचे आबा महिनाभर कानामागं खाजवतायत, कातडी लालभडक झालीय. कलप सोडा म्हटलं, तर म्हणतात, लग्नात तुझे सासरे कसे तरणेबांड दिसत होते, मी मागं राहू व्हय? परवा नवं पाकीट आणून ठेवलंय.

म्हणून मी ह्यांच्याबरोबर येत नाही. मला न्यायला तुम्हीच या, अन् सूज उतरायच्या आत या. आबांना माझ्या बोलण्यानं नाही, तुमच्या तोंडाकडं बघूनच पटेल.

मामींना नमस्कार. माया आहे तिथंच आहे. येताना चष्मा तेवढा आणा. आबांचं पाकीट तुम्हीच वाचून दाखवा.

तुमची,
रत्नमाला