सपाट तळाचे बूट

२ फेब्रुवारी
आमच्या लॉन बोल्स (हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ) क्लबचा नवा सुरक्षा अधिकारी: मी. बिनविरोध. (दुसरं कोणी उभंच नव्हतं, पण बिनविरोध म्हणजे बिनविरोध.) पहिला संकल्प: सीपीआर, म्हणजे हृदय थांबलं तर छाती दाबून जीव वाचवणं, शिकणे. व्हर्न माझा खेळातला जोडीदार. बायको गेल्यापासून एकटाच असतो, आणि डॉक्टर म्हणतात हृदयाचा भरवसा नाही. विचारत होता, "मर्व्ह, मी आडवा झालो तर तू आहेस ना रे?" म्हटलं, "पडून तर बघ!"

७ फेब्रुवारी
पहिला क्लास. क्लबच्या बारवरच्या नोरीनने सरावाच्या पुतळ्याची छाती अशी दाबली की पुतळ्याची कीव आली. माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून खुर्चीवरून बारकाईने निरीक्षण. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजोबा, हे बघून येत नाही." पोहणं मी बघूनच शिकलो. (येत नाही, तो भाग वेगळा.)

१६ फेब्रुवारी
दुसऱ्या क्लासला दांडी. क्लबात मटण-सॉसेजच्या ट्रेची लॉटरी होती, अधिकारी हजर नको? सॉसेज जिंकले. निम्मे व्हर्नला. मग आठवलं, त्याला तेच बंद केलंय. तोवर खाऊन झाले होते.

२० फेब्रुवारी
घरी उशीवर सराव. थांबायचं नाही, दाबत राहायचं, एवढंच तर आहे! दाबता दाबता डोळा लागला.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
व्हर्न हिरवळीवर कोसळला. सगळ्यांत आधी मी पाहिलं, मीच धावलो. कडेला पोचलो तर पायात बाहेरचे बूट. सपाट तळाच्या बुटांशिवाय हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. बाकावर बसून बूट बदलले. नाड्यांना दुहेरी गाठ, सुरक्षेसाठी. मान वर केली तर भाचीच्या लग्नाला निघालेली नोरीन उंच टाचांनिशी मधोमध, व्हर्नची छाती दाबतेय. "हात गळाले रे माझे! मर्व्ह, मेल्या, ये की!" निघालो. माझ्याआधी अँब्युलन्सवाले पोचले.

२५ फेब्रुवारी
व्हर्न गेला. दवाखान्यात म्हणाले, पहिल्यापासून आळीपाळीने दाबायला दोघं असते तर कदाचित. कदाचित म्हणजे नक्की नव्हे ना, असं मी विचारलं.

२७ फेब्रुवारी
कमिटीचा ठराव: टाचांनी हिरवळीला भोकं पडली याबद्दल नाराजी. गडबडीतही नियम पाळल्याबद्दल माझं अभिनंदन. नोरीन म्हणाली, "फ्रेम करून लाव घरात." गुडघ्यांचं सांगणार होतो. नाही सांगितलं.

१ मार्च, सकाळ
आज अंत्यविधी. क्लबच्या रीतीप्रमाणे सगळे पांढऱ्या कपड्यांत, सपाट बुटांत. पायरीवर बसलोय. व्हर्नची फार आठवण येते. नाडी बांधता येत नाही. नोरीन न्यायला आली होती. उशीर होतोय म्हणून मी माफी मागितली.
म्हणाली, "बांध सावकाश. आता कसली घाई?"