प्राण्याच्या चार बाजू

७ मार्च १९९४, तासगाव
काम मिळालं, खोलीही मिळाली. खोलीमागे बेदाण्याचं शेड आहे, दिवसभर गोड वास येतो. मेढ्याहून तीन एसट्या बदलून आले, पण ड्रॉइंग बोर्ड एकदाही आपटला नाही. इथल्या चर्चच्या पाळकसाहेबांना दोन गोष्टी हव्यात: छप्पर बदलायचं म्हणून सभागृहाचा मोजून काढलेला नकाशा, आणि ईस्टरसाठी यहेज्केल संदेष्ट्याला दृष्टान्तात दिसलेल्या प्राण्याची चार मोठी चित्रं. काम झालं की अनुभवाचा दाखला. ५ एप्रिलला साताऱ्यात पाटबंधारे खात्याची मुलाखत आहे, तिथे दाखल्याशिवाय उभं करणार नाहीत.
सभागृह चौरस आहे. आतून २४ फूट बाय २४ फूट.

९ मार्च
प्राणी समजून घेतला. पुढे माणसाचं तोंड, उजवीकडे सिंहाचं, डावीकडे बैलाचं, मागे गरुडाचं. अंगभर डोळे. तो कधी वळत नाही. ज्या तोंडाच्या दिशेने जायचं, तिकडे सरळ जातो. पाळकसाहेबांच्या मते ही येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं: माणूस म्हणजे मत्तय, सिंह मार्क, बैल लूक, गरुड योहान. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, या प्राण्यांना आतूनही डोळे आहेत, तेही दाखव म्हणाले. आतलं दाखवायला प्राणी कापून काढावा लागेल, असं मी सांगितलं. ते हसले आणि विषय सुटला. इमारतीची काढतात तशी चार बाजूंची चार एलिव्हेशन्स काढणार आहे.

१५ मार्च
सिंहाखाली मार्क लिहिलं. मग पाळकसाहेबांना कपाटात एका जुन्या मिशनऱ्याची वही सापडली. तीत सिंह योहान आणि गरुड मार्क, आणि हा अर्थ अधिक जुना. खोडून बदललं. दुपारी म्हणाले, पहिलाच बरा. पुन्हा खोडलं. झाडलोट करणाऱ्या हरणाबाई बघत होत्या. "पोरी, नाव कुनाचं बी घाल. त्यो कुटं वाचतूय?"

२२ मार्च
मांजरपाटावरची चारही चित्रं टांगली, एकेका भिंतीवर एक. दार गरुडाआड गेलं. हरणाबाई कापड उचलून ये-जा करतात आणि कुरकुरतात.
नकाशा शाईने पक्का करण्याआधी माप पडताळलं. २३ फूट १० इंच. दोन्हीकडे तेवढंच. टेप नीट ताणला नसेल.

२४ मार्च
२३ फूट ४ इंच. पोलादी टेप विकत आणला. तरी तेच. नकाशा तिसऱ्यांदा काढला. पाळकसाहेब म्हणाले, रोज वेगळं माप सांगणाऱ्या मुलीला अचूक कामाचा दाखला कसा देऊ? त्यांचं बरोबर आहे, म्हणूनच जास्त चीड आली.

२८ मार्च
२१ फूट. बाहेरून भिंती होत्या तिथेच. आत बाकं एकमेकांना टेकली आहेत. पाळकसाहेब म्हणतात, मीच सरकवली असणार.
हरणाबाईंनी विचारलं, "पहाऱ्यावरचा शिपाई तोंड कुटं करतुया? माजा ल्योक मिल्ट्रीत हाय, म्हनून इचारती." बाहेर, मी म्हणाले. "मग ही समदी आत का बघत्यात?"
चूक माझी. बाहेरच्या बाजू मी आत तोंड करून टांगल्या. तोंड असेल तिकडे तो सरळ जातो. इथे चारही तोंडं मध्याकडे.

३० मार्च
१६ फूट. पाळकसाहेब मिरजेला गेलेत, उद्या रात्री येतील. रविवारी ईस्टर, इथे सत्तर माणसं बसणार. चित्रं काढायला गेले तर खिळे भिंतीत रुतलेले, हलत नाहीत. कापड मात्र वरच्या दांडीवर पलटवता येईल. उद्या तोंडं भिंतीकडे करणार.

३१ मार्च, सकाळी दहा
माणूस पलटवला. सिंह. बैल. टेप हातातून ओढला जातोय — १७ — २० — गरुड शेवटचा.
२४ फूट. बरोबर २४. नकाशा जुळला. दाखला —

साडेदहा
कापडांच्या पाठी कोऱ्या होत्या. मी स्वतः पाहिल्या होत्या.
आता चारही तोंडं बाहेर आहेत. म्हणजे मी उभी आहे ती जागा प्राण्याच्या —
कापडावर ओल येतेय. गोल. चार. अकरा. मोजणं बंद.
हरणाबाई बाहेरून हाका मारतायत. दार कुठं गेलं, विचारतायत.
गरुडाचं कापड उचललं. मागे दार नाही. आणखी कापड. त्यामागे — कापड नाही. ऊब आहे. हाताखाली पापणी उघ