पाटी पाहून पत दुरुस्त करायला गेलो

प्रिय (आणि हे पत्र वाचून झाल्यावरही मला प्रिय म्हणशील अशी आशा असलेल्या) ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना वाजायचा तो थांबला का? भावोजींना सांग, त्यांनी पाठवलेलं पाठदुखीचं तेल मी न चुकता लावतो, फक्त त्याच्या वासाने दुकानात गिऱ्हाईक फार वेळ टिकत नाही. (गिऱ्हाईक आलं तर. तो विषय पुढे येईलच.) इकडे सगळं ठीक. तुझी भावजय मजेत, तुझी लाडकी भाची मुंगी तिच्या दातांच्या कामात बुडालेली. पत्राला तसं कारण काहीच नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "खरं काय ते बोल" म्हणतेस, आणि मला निदान पहिलं पान तरी सुखाने काढायचं होतं.

मुंगीला दुसऱ्याच्या हाताखाली कवळ्या घडवायचा कंटाळा आलाय, हे तुला ठाऊकच आहे. आता तिला स्वतःची दंतशाळा काढायची आहे. लाँड्रीच्या मागची खोली तिने बघून ठेवली आहे, दात भाजायची भट्टी पसंत केली आहे, टेबल कुठे, नळ कुठे, सगळं जमिनीवर खडूने आखूनही आली आहे. (त्या खोलीच्या मालकाने खडू पुसायला मनाई केली आहे म्हणे, इतकं नीट आखलंय. हात माझ्यावर गेलाय.) भट्टीसाठी बँकेचं कर्ज, आणि कर्जाला सहकर्जदार म्हणून मी. मला विचारलंसुद्धा नाही तिने. फॉर्मवर माझं नाव लिहिलं आणि म्हणाली, बाबा आहेतच की. ताई, त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहायला माझ्याकडे ब्रश नाही.

मग एका दुपारी बँकेतून मला फोन आला. मुलीची कागदपत्रं चोख आहेत, अडलंय ते तुमच्यामुळे. फोनवरच्या बाईंनी माझा क्रेडिट स्कोअर वाचून दाखवला आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाल्या, मला आधी वाटलं एखादा आकडा छापायचा राहिला असेल.

तुला ते फ्लेक्स छापायचं मशीन आठवत असेल. हाताने पाट्या रंगवणारा मी, कुणीतरी डोक्यात भरवलं म्हणून याच बँकेतून कर्ज काढून तो हत्ती दारात बांधला. तू तेव्हा म्हणाली होतीस की तुझा हात चांगला आहे, मशीन कशाला. मी म्हटलं, तुला धंद्यातलं काय कळतंय. (तू बँकेच्या कर्जखात्यातून निवृत्त झालेली. तुला धंद्यातलं काय कळणार!) पुढे हप्ते थकले, आणि शेवटी बँक म्हणाली, एवढे भरा आणि मिटवून टाका. मी घासाघीस करून आणखी खाली आणलं. त्या दिवशी तुला फोन करून सांगितलं होतं की बँकेला पार नमवलं. तू पलीकडे बराच वेळ गप्प होतीस. मला वाटलं, कौतुकाने गप्प आहेस. आता कळलं की बँकेने माझ्या नावापुढे "तडजोड" असा शेरा मारून ठेवला, आणि तो शेरा मी जाईन तिथे माझ्याआधी पोचतो.

मुंगीला मी काय सांगितलं असेल? बँकेतले साहेब रजेवर आहेत म्हणून. तेवढंच सुचलं. ती रोज संध्याकाळी विचारायची, साहेब आले का? मी रोज त्यांची रजा वाढवायचो. शेवटी तर तिने विचारलं, आजारी आहेत का हो, बघायला जायचं का आपण? मी मोरीत जाऊन उगाच तोंड धुतलं.

तर अशा परिस्थितीत माणूस काय करतो? ज्याची बहीण कर्जखात्यात आयुष्य घालवून बसली आहे तो तिच्याकडे जातो. मी क्रेडिट दुरुस्त करून देणारे शोधायला बाहेर पडलो. तुझ्यासमोर बसून ते आकडे दाखवायची हिंमत नव्हती ग. परक्या माणसाला फी देऊन लाज विकत घेता येते, तुझ्याकडे ती फुकट मिळाली असती, तरी मला विकतचीच बरी वाटली.

पहिलं ऑफिस एका बाईंचं होतं, झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर. पाटी बघूनच माझं मन उडालं. संगणकावर छापलेली, सुरुवातीची अक्षरं ऐसपैस आणि शेवटच्या शब्दाला जागाच उरली नाही, म्हणून तो कोपऱ्यात चेंगरलेला. (तू हसशील, पण मी माणूस अक्षरावरून ओळखतो. ज्याला ओळीचा अंदाज नाही त्याला आयुष्याचा काय असणार?) बाईंनी माझा रिपोर्ट शांतपणे वाचला आणि सांगितलं, यात चुकीचं काही नाही, आणि जे खरं आहे ते कुणीही पैसे घेऊन पुसू शकत नाही. बँकेत जा, तडजोडीत त्यांनी सोडलेली रक्कम भरायची तयारी दाखवा, थकबाकी नसल्याचं पत्र घ्या, मग शेरा बदलायचा अर्ज करा. अर्ज तुमचा तुम्हीही लिहू शकता, मी लिहिला तर थोडी फी, तीही काम झाल्यावर. घरात कुणी बँकेतलं असेल तर त्यांना बरोबर न्या, असंही म्हणाल्या. मी मनात म्हटलं, हिला धंदा करता येत नाही, ही माझी पत काय सुधारणार! आणि चहा अर्धा टाकून उठलो.

नंतर बाजाराच्या तोंडाशी मला ती पाटी दिसली. ताई, काय अक्षरं होती! भरदार, सावली दिलेली, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. वर कंपनीचं नाव चिकटवलेलं होतं, ते जाऊ दे, पण खाली रंगाने लिहिलेलं: खात्रीशीर, विश्वासू, शासनमान्य. बघताक्षणी आपलेपणा वाटला. पाय आपोआप आत वळले.

आत गुबगुबीत सोफा, काचेच्या पेटीत मासे, आणि लोण्यासारखं बोलणारा एक गृहस्थ. मी त्याला मऊसाहेब म्हणतो. मऊसाहेबांनी माझा रिपोर्ट न वाचताच मिटला आणि म्हणाले, हे आपण स्वच्छ करून टाकू. फी सगळी आधी. बँकेशी तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. नात्यात कुणी बँकेतलं आहे का, असं विचारलं तेव्हा मी तुझं सांगितलं, तर ते एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, त्यांना तर मुळीच कळू देऊ नका, त्या जुन्या पद्धतीच्या असतात. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! तुला न सांगण्याची इतके दिवस लाज वाटत होती, ती एका वाक्यात व्यावसायिक सल्ला होऊन बसली. मग त्यांनी एका कागदावर सही घेतली. त्यात काय होतं ते मी वाचलं होतं, हे आता कबूल करतो. हे कर्ज माझं नाहीच, असं होतं.

थोड्या दिवसांनी बँकेतल्या त्याच बाईंचा फोन. कर्ज तुमचं नाही म्हणता, मग अर्जावर फोटो कुणाचा? हप्ते कुणी भरले? आणि घासाघीस करायला समोर येऊन बसले होते ते कोण? मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, तुम्ही आमच्या मॅडमचे भाऊ ना? त्यांनीच मला काम शिकवलं. ताई, मॅडम म्हणजे तू. मी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला. (फोन त्यांनी केला होता.)

तसाच उठून मऊसाहेबांकडे गेलो. दाराला कुलूप. काचेतून बघितलं तर सोफा नाही, मासे नाहीत. वर पाटी तेवढी होती. उन्हात उभा राहून तिच्याकडे बघत बसलो, आणि बघता बघता उजव्या कोपऱ्यात, खिळ्याच्या खाली, माझी खूण दिसली. तीच, ब्रशची छोटी गाठ, मी प्रत्येक पाटीवर काढतो ती. मग सगळं आठवलं. त्या जागी पूर्वी एक गादीवाला होता. त्याने फक्त "खात्रीशीर गाद्या" एवढंच सांगितलं होतं. उजवीकडे जागा उरली, पाटी बोडकी दिसायला लागली, म्हणून तोल साधायला "विश्वासू" आणि "शासनमान्य" मी माझ्या मनाने घातलं, वर पैसेही मागितले नाहीत. (गादीला कोणत्या शासनाची मान्यता लागते, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.) मऊसाहेबांनी गाद्या झाकून वर आपलं नाव चिकटवलं, बाकी माझंच ठेवलं. तू म्हणशील, स्वतःची अक्षरं ओळखता आली नाहीत? ओळखीची वाटली म्हणूनच तर आत गेलो ना.

तर असं आहे. बाकी सगळं ठीक. काळजी करू नकोस, गुडघ्याला जप, भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मशीन विकायला काढलं आहे. एक जण बघून गेला, त्याच्या पैशातून बँकेने सोडलेली रक्कम बहुतेक भरून निघेल. माळ्यावरच्या बाईंकडेही परत गेलो होतो. त्यांनी काही विचारलं नाही, नुसती खुर्ची पुढे केली. म्हणजे तुझ्याकडे पैसे मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. तुझी सहीसुद्धा नको. बँकेने मंगळवारी मला आणि मुंगीला बोलावलं आहे. (तिला वाटतंय साहेब एकदाचे रजेवरून आले. नवा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय.) तू फक्त त्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बस. बोलू नकोस हवं तर.

ता. क. पुन्हा. खरं सांगतो, तेही कारण नाही. मंगळवारी बँकेतली ती बाई संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवेल आणि मुंगी सगळं तिथे, परक्यांसमोर वाचेल. खोलीचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे, आणि ती खोली गेली तर माझ्यामुळे जाईल. रविवारी ती तुझ्याकडे येणार आहे. तेव्हा तूच तिला सांग. तुझ्या तोंडून तिला कमी लागेल. माझ्याने होत नाही ग.

ता. क. शेवटचं. वरचं लिहून पाकीट घ्यायला उठलो, तर मुंगी समोर जेवणाच्या टेबलावर वरचा दात घासत बसली होती, कुणाचा तरी. माझ्याकडे बघून म्हणाली, एवढं लांबलचक पत्र आत्याला? मी म्हटलं, तुलाच आहे, आणि सगळे कागद तिच्यापुढे ठेवले. रविवारचं रद्द समज. हा वेगळा कागद मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून लिहितोय, कारण हातांना काहीतरी काम हवं. ती दुसऱ्या पानावर आहे. रजेवरच्या साहेबांपाशी थांबली, माझ्याकडे बघितलं, परत वाचायला लागली. गादीवाल्यापाशी तिचं नाक हललं, पण हसू म्हणावं असं काही नाही. आता सगळं वाचून झालंय. दात बाजूला ठेवलाय, डोळे पुसले, आणि हात पुढे केलाय. हाही कागद मागतेय. देतो.