ओळीतली जागा

प्रिय गुलाबसिंग,

फोनवर मी खोकलो की तू बैलांचं बोलू लागतोस. पत्रात खोकला ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय.

सोमवारी नंदुरबारला दवाखान्यात भरती होतोय. लहानपणच्या क्षयाने डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग सैल करून ठेवलाय. तिथे कफ साचतो, कफात जंतू वाढतात. या वेळचे जंतू गोळ्यांना दाद देत नाहीत. दोन आठवडे शिरेतून औषध घ्यायचं. म्हणजे होळी वॉर्डातच.

पिशवी भरायला घेतलीय. टॉवेल, वाफेचं मशीन, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. शाळेत रजेचा अर्ज दिला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, सर, आता नाच पुरे झाला. जणू नाचाने फुप्फुस बिघडलं. कफ सुटावा म्हणून पाठीवर थापा मारायला डॉक्टरांनीच सांगितलंय. आई रोज सकाळी मला पालथं पाडून थापा मारते, त्याही ढोलाच्या ठेक्यात. ठेका जमला की थांबायचं विसरते. मग मीच ओरडतो, बाई, फुप्फुस आहे, ढोल नाही. ती म्हणते, ढोल असता तर एवढा फुटका ठेवला नसता.

प्रश्न पाळणीचा होता. काठी गावच्या होळीत मोरपिसांचा टोप चढवून, बुध्या होऊन नाचायचा नवस आपण दोघे एकत्र बोललो. नवसाचं हे शेवटचं वर्ष. पाळणीत खाटेला टेकायचं नाही, भुईवर निजायचं. वॉर्डातल्या सिंधुबाई सिस्टरना विचारून आलो, सतरंजी खाली टाकली तर चालेल का. "खाले निजशी तं मन्ही नोकरी जाई, भाऊ," त्या म्हणाल्या. शेवटी आईनेच तोड काढली. अंगणातली माती फडक्यात घट्ट बांधून दिली. गादीखाली ठेव, म्हणाली, खाली माती असली की ती भुईच. देवाला कळतं. नाही कळलं तर मी सांगेन.

नाचताना कमरेला बांधायचे वाळके दुधी घरीच राहतील. घुंगरं मात्र नेतोय. ती सलाईनच्या स्टँडला बांधणार. मागच्या खेपेला तो स्टँड ढकलत संडासकडे जाताना शेजारचे पेशंट माझ्याकडे दयेने बघायचे. या वेळी आधी आवाज येईल, मग मी येईन. सिंधुबाईंना हेही सांगून टाकलं. "दवाखाना शे का जत्रा?" दोन्ही, मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत, पण नकोही म्हणाल्या नाहीत.

काल आई बाजारातून आली ती थेट चुलीपाशी बसली. रात्रीच्या भाकरीनंतर सांगितलं. वडीलधाऱ्यांनी ठरवलंय म्हणे, यंदा ओळीत तुझ्या उजव्या हाताला, माझ्या जागी, धीरजने उभं राहायचं. नवस अर्धवट राहू नये, माझ्याच भल्यासाठी. धीरज चांगला नाचतो. त्याला दुसरीकडे उभं कर. तू मला हे सांगितलं नाहीस, याचा मला राग नाही. तुला वाटतं मी परत येणार नाही, आणि ते तुला फोनवर बोलवत नाही. पण मी उपचाराला चाललोय, गुलाबसिंग, दुसरीकडे कुठे नाही. माझी जागा कुणी भरायची नाही. एका माणसाएवढी नव्हे, मोरपिसांच्या टोपाएवढी रुंद ठेव. लोक विचारतील, ओळ मध्येच तुटली कशी. तुटलेली नाही म्हणावं, तिथे माणूस आहे. पहाटे होळी पेटेल तेव्हा सुईचा हात सांभाळत मी वॉर्डात फेरी घालणार आहे. ढोल वाजायला लागला की फोन लाव आणि खिशात टाकून दे. बोलू नकोस. ठेका मला पाठ आहे, फक्त तुझ्याबरोबर पाय उचलायचाय.

उजव्या हाताला उभा असलेला,
तुझाच इंद्रसिंग